सोबतीला चाची

मुलांनो, मी समुद्र पाहिला तो प्रयोगशाळेतल्या शिपाई चाचांमुळे. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात नमुन्यांच्या बरण्या पुसताना ते आतल्या मेलेल्या माशांनाही दटावत, "काहून डोळे वटारून राहिला बे?"

समुद्रकाठच्या प्रवाळ संशोधन केंद्रावर सहल ठरली. वर्गात मुलगी मी एकटीच. सोबत बाई नाही, म्हणून सरांनी माझं नाव वगळलं. निघायच्या दिवशी चाचा आमच्या आप्पांना विचारून मला स्टेशनवर घेऊन गेले. तिथे बुरख्यातल्या चाची भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन उभ्या होत्या.

"सर, आता बाया दोन झाल्या!" चाचा म्हणाले.

सरांना हसू आलं.

केंद्रात समुद्राचं पाणी खेळवलेल्या टाकीत जिवंत प्रवाळ फुललं होतं. मुलं टाकीच्या खोलीत घुसू लागली, तसे चाचा दारात आडवे आले.

"थांबा रे पोट्टेहो! पयले ह्या दोघी पाहतीन."