धाकटीच्या फोल्डरमधली आई

कोर्टाची सगळी कागदपत्रं आता ऑनलाइन ठेवायची, सुनावणीही स्क्रीनवरच, असं माझ्या वकिलांनी सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं. दिंडोशीच्या कोर्टात हेलपाटे नकोत, बाकावर धाकट्या बहिणीशेजारी तोंड फिरवून बसायला नको. मुलुंडला घरी बसून लिंक उघडायची की दोन फोल्डर दिसायचे. वादीचा माझा, प्रतिवादीचा तिचा. कोणी काय जोडलंय ते दोघींनाही दिसायचं, आणि तिथेच माझी वाट लागली.

दावा होता वाकोल्याच्या खोलीचा. आईने जाण्याच्या वर्षभर आधी ती धाकटीला बक्षीसपत्र करून देऊन टाकली. माझं म्हणणं, सही केली तेव्हा आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोला ती "कोण हो तुम्ही?" विचारायची. अशा बाईची सही कसली धरता?

माझ्या फोल्डरमध्ये डिस्चार्ज कार्डं, मेंदूचे रिपोर्ट, गोळ्यांच्या चिठ्ठ्या. दवाखाना घाटकोपरला माझ्या ऑफिसजवळ, त्यामुळे त्या फेऱ्या माझ्या वाट्याला. धाकटीच्या फोल्डरमध्ये मात्र फोटो. आई आरे कॉलनीत झाडाखाली बसून ताक पितेय. आई बोरिवलीला धाकटीच्या बाल्कनीत पाय पसरून ऊन खातेय. प्रत्येक फोटोत हसतेय. माझ्यासोबत ती अशी कधी हसलीच नाही. सलाइन लावलेलं माणूस हसणार तरी कसं? वकिलांनी माझे कागद तपासायला सांगितले की मी आधी तिचाच फोल्डर उघडायची, जळून खाक व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी परत उघडायची.

लहानपणापासून हेच. दुधावरची साय तिला, धपाटा मला. तक्रार केली की आईचं मालवणी उत्तर ठरलेलं, "ती ल्हान आसा गे." पन्नाशी उलटली तरी ती लहानच.

सगळ्यात वाईट होता एक व्हिडिओ, बक्षीसपत्राच्याच आठवड्यातला. धाकटीच्या स्वयंपाकघरात आई साच्यातून तांदळाच्या शेवया, म्हणजे आमचे शिरवाळे, पाडतेय, बाजूला पातेल्यात नारळाचा गोड रस. माझ्या जिवाचा पदार्थ, आणि मला साधा फोन नाही! पहिल्यांदा मी तो तिथेच बंद केला. पुढच्या खेपेला शेवटपर्यंत पाहिला. शेवटी आई हात पुसत दाराकडे बघते आणि म्हणते, "मोठी इली नाय गे अजून? तिचो रस काढून ठेव. तिका दाट लागता."

धाकटीने तो कशाला जोडला ते उघड होतं. बघा, आईला सगळं आठवत होतं.

"उलटतपासणीत हे दाखवतील," वकील म्हणाले. "घाबरू नका. आई जुनंच काहीतरी बरळत होत्या, एवढंच सांगा." मी हो म्हटलं. खोली तिच्या घशात जाऊ द्यायची नव्हती मला.

सुनावणीच्या दिवशी स्क्रीनवर सगळे चौकटीत बसले. न्यायाधीश, दोन वकील, मी, आणि कोपऱ्यात धाकटी, आईची मोरपिशी साडी नेसून. ती साडी तिला कधी दिली, हेही मला माहीत नव्हतं. तिच्या वकिलांनी फोल्डरमधून व्हिडिओ उघडला. आई सगळ्यांच्या स्क्रीनवर आली, शिरवाळे पाडले, दाराकडे बघून माझी चौकशी केली.

"बाई," त्यांनी विचारलं, "इथे तुमच्या आई शुद्धीत बोलतायत की नाही?"

बरळत होती म्हटलं असतं तर खोलीची आशा होती. पण मग तो दाट रसही बरळण्यातच गेला असता. जन्मभर साय धाकटीची. हे एवढं एक वाक्य आईने माझं म्हणून बोलून ठेवलं होतं, तेही धाकटीच्या घरात, धाकटीच्या तोंडावर. ते मी माझ्याच तोंडाने खोटं पाडू?

माझे वकील खाकरले.

"शुद्धीत होती," मी म्हटलं. "मला रस दाटच लागतो, साहेब."

कोपऱ्यातल्या चौकटीत धाकटी हमसाहमशी रडायला लागली. तिथेही तिने माझ्याआधी नंबर लावला.