कोठडीच्या कुलपातली तारीख

कल्पना करा, तुमच्यापुढे एक जाम झालेलं कुलूप ठेवलंय. पत्रा उघडायचा, तुटकी स्प्रिंग चिमट्यानं काढायची, नवी बसवायची, ग्रॅफाइटची पूड मारायची. अर्ध्या तासाचं काम. फक्त एक लक्षात ठेवा: कुलूप चालू झालं की त्याच कुलपाआड तुम्हाला कोंडणार आहेत. आता सांगा, हात किती नीट चालेल?

चावीकाकांचा चालला.

त्या मंगळवारी सकाळी पोलिसांनी त्यांना दुकानातून उचललं होतं. मागच्या गल्लीत चोरी झाली होती, तीही कुलूप न तोडता. म्हणजे हे काम चावीवाल्याचंच, असा ठाण्यातल्या साहेबांचा तर्क. कागद नाही, घरी निरोप नाही. संध्याकाळी कोठडीचं कुलूप अडकलं. सरकारी मिस्त्री आठवड्यानं येणार होता, तेव्हा हवालदारांना आठवलं की आपल्याकडे आयताच कारागीर बसलाय.

"चालू करून दिलं तर सोडाल का?" काकांनी विचारलं.

"आधी चालतंय का ते बघू," हवालदार म्हणाले. "आत हो."

कुलूप झकास चाललं. काका दोन दिवस आत राहिले. उडत उडत कानावर आल्यानं डबा घेऊन येणाऱ्या काकूंना रोज सांगण्यात आलं की इथे असा कोणी नाही. गुरुवारी खरा चोर सापडला, घरमालकाचा सख्खा पुतण्या. मग काकांना त्याच सकाळी अटक केल्याचा कागद करून संध्याकाळी सोडून दिलं. धरलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. कागदावर ते चोवीस तास भरलेच नव्हते.

सगळं ऐकून काकूंनी कपाळावर हात मारला. "एवढं घट्ट कशाला बसवलंत? जरा ढिलं ठेवता येत नव्हतं?"

"माझ्या हातून होत नाही," काका म्हणाले.

पण दुकान ओस पडलं. चोरीच्या संशयावरून आत जाऊन आलेल्याला घराची चावी कोण देणार? लोक कोपऱ्यापर्यंत येत आणि रस्ता बदलत. काकांची भाची नुकतीच वकील झालेली. तिनं भरपाईचा दावा लावला. ठाण्याकडून दोनदा निरोप आला की थोडंफार घ्या आणि विषय मिटवा. काकांनी कळवलं की पैशाशी वैर नाही, पण ते डांबणं 'बेकायदा' होतं, हे शिक्क्यानिशी लिहून हवं. गिऱ्हाइकाला दाखवायला दुसरं काही चालत नाही.

साहेबांनी शपथेवर लिहून दिलं की गुरुवारआधी या इसमानं ठाण्याची पायरीही चढली नव्हती. भाची डोकं धरून बसली. "मामा, मंगळवारी तू तिथे होतास याला पुरावा काय?"

काकांना जरा वेळानं आठवलं. उघडलेल्या प्रत्येक कुलपाच्या पत्र्यावर ते आतून तारीख आणि एक छोटा मासा कोरतात. पुढच्या खेपेला स्प्रिंग किती टिकली ते कळतं. इतक्या वर्षांची सवय, कोठडीत तरी कशी सुटेल?

न्यायालयानं कुलूप मागवलं. काकांनी सगळ्यांदेखत चार स्क्रू काढले. मासा होता, त्या मंगळवारची तारीख होती. सरकारी वकील म्हणाले की तारीख काय, कुणीही कधीही कोरेल. मग भाचीनं ठाण्याचीच नोंदवही उघडायला लावली. त्याच तारखेपुढे कारकुनानं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, कोठडीचं कुलूप दुरुस्त करून घेतलं. कुणाकडून, असं न्यायाधीशांनी विचारलं. सरकारी मिस्त्री तर त्या दिवशी आलाच नव्हता.

भरपाई मंजूर झाली. निकालाची प्रत दुकानात, चावी कापायच्या यंत्राच्या वरच्या भिंतीवर लागली, 'बेकायदा'खाली लाल रेघ मारून. पुढच्याच आठवड्यात चोरी झालेल्या घरची मालकीण स्वतः आली. तिनं प्रत उभ्यानं पूर्ण वाचली आणि घराची सगळी कुलपं बदलायला सांगितली.

तिच्या दाराचं नवं पितळी कुलूप पुसताना काकांना त्यावर आपल्याच बोटांचे ठसे दिसले. निम्म्या वस्तीच्या कुलपांवर हेच ठसे असणार. त्यांनी तिथूनच भाचीला फोन लावला.

"बाळ, निकाल लागला, भरपाई मिळाली, सगळं खरं. पण गुरुवारी त्यांनी माझ्या दहाही बोटांचे ठसे घेतले होते. ते त्यांच्या फाइलीतून कोण काढणार?"