भाऊरावकाका आज जेलातून घरी आले

मित्रांनो, गावाहून, म्हणजे अल्लीपूरहून आलो आणि थेट सायबर कॅफेत बसलोय. सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

आमच्या गल्लीतले भाऊराव सुतार आज जेलातून सुटले. आम्ही लहान असताना तान्ह्या पोळ्याला प्रत्येक पोराचा लाकडी बैल काकाच करायचे. रंग वाळायच्या आत आम्ही बैल पळवायचो आणि ते नुसते हसायचे. मग एका वर्षी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, आणि त्यांच्या हातून शेजारचे मारोतीकाका मेले. जन्मठेप झाली. पुढे बाजारातले बैल आले, पण पोळ्याची ती मजा गेलीच.

आज काका ओट्यावर मान खाली घालून बसले होते. घरात दुसरं कुणी उरलेलं नाही, पाण्याचा थेंब नाही. समोरच्या विहिरीवर मारोतीकाकांची बायको, सुलोचनाकाकू, पाणी भरत होती, म्हणून त्यांचा पाय उचलत नव्हता.

काकूनेच हाक मारली, पूर्वीसारखीच. "भाऊजी, बादली घेऊन या."

काका हलले नाहीत.

"म्या तुमाले माफ नाई केलं. मरेपर्यंत करनार नाई. पन शिक्षा भोगली नं तुमी? मंग तहानलेले काऊन बसून राह्यले?"

काका बादली घेऊन विहिरीवर गेले. काकूने दोर त्यांच्या हाती दिला, घागर उचलली आणि मागे न बघता घरी गेली. बाकी सगळी दारं बंदच होती.

तुमच्या गावात असं कुणी परत आलं, तेव्हा त्याच्याशी पहिल्यांदा कोण बोललं?