दिवसा सांगितलेली गोष्ट

सत्तरच्या दशकात शिरड शहापूरजवळच्या एका खेड्यात मी पहिलीला शिकवत होते. पुस्तक उघडलं की लेकरं जांभया देत. मग ठरवलं, त्यांना तोंडपाठ असलेली गोष्ट सांगायची आणि तिच्यातलेच शब्द फळ्यावर लिहायचे. मोठ्या ऐटीत कावळा-चिमणीची गोष्ट सुरू केली, तर समोरच्या एका पोरीनं कानांत बोटं घातली.

"बाई, दिवसा गोष्ट न्हाई सांगायची. मामा वाट चुकतो."

तिचा मामा कनेरगाव नाक्याला ढाब्यावर काम करायचा आणि त्याच दिवशी तिला भेटायला येणार होता. मला असल्या खुळचटपणाचा भारी राग. तिचे हात खाली ओढले आणि गोष्ट पुरी करूनच थांबले.

मामा आला नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरगीही येईना. घरी गेले, तर तिची आई म्हणाली, "शाळेचं नाव काढलं की रडून राहिली. ऱ्हाऊ द्या बाई, शेळ्या राखंल."

शहाणपण मिरवायला गेले आणि पोरीची शाळाच घालवून बसले. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

चार दिवसांनी मामाच तिला हाताला धरून वर्गात घेऊन आला. सगळ्या लेकरांसमोर म्हणाला, "गोष्टीपायी न्हाई चुकलो मी. मला बोर्ड वाचता येत न्हाई, म्हनून हिंगोलीची सोडून उलट्या वाटंच्या वाशिमच्या गाडीत बसलो."

मग पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला. "सांगा बाई आता. मामा तर हितंच हाय, चुकंल कसा?"

पोरीनं त्याचा सदरा मुठीत धरून अख्खी गोष्ट ऐकली. मी फळ्यावर 'काऊ' लिहिलं, ते तिनं न विचारताच वाचलं. पुढं ज्याचा मामा गावात येई, तो त्याला शाळेत ओढून आणी. त्या वर्षी माझा वर्ग मामांनीच वाचता केला. त्यातही या एकाचे उपकार मी विसरणार नाही. चारचौघांत स्वतःचं अडाणीपण कबूल करायला किती जड जातं, मला ठाऊक आहे.

तो ढाब्यावरच्या सुटीच्या दिवशी येऊन वर्गात बसत राहिला. दिवाळीच्या आधी आला, तेव्हा भाचीनं दारातच विचारलं, "मामा, बराबर गाडीत बसला व्हतास का?"

"व्हय. हिंगोली वाचलं, मंगच चढलो. कोनालाबी इचारलं न्हाई."