पिट्ठू पाठीवर घेऊन चालताना

चालणं काय शिकायचं असतं, असं लोकांना वाटतं. फौजेत जाईपर्यंत मलाही तसंच वाटायचं. कुहीजवळच्या आमच्या गावात मी पोरवयापासून धानाची पोती वाहिली होती. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये पाठीवर पिट्ठू चढवला तेव्हा मनात म्हटलं, हे तर पोतंच, फक्त पट्टे लावलेलं. पहिल्याच लांब चालीत मी कमरेत वाकून, ढांगा टाकत निघालो. ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांनी सगळ्यांना थांबवलं आणि माझी हुबेहूब नक्कल करून दाखवली. सगळी टोळी पोट धरून हसली.

मग त्यांनीच शिकवलं. जड सामान पिट्ठूत वरच्या बाजूला आणि पाठीला चिकटून भरायचं. पट्टे असे आवळायचे की पिट्ठू डुलता कामा नये. झुकायचं तर घोट्यापासून, कमरेतून नाही. पावलं लहान टाकायची, गुडघा किंचित सैल ठेवायचा, आणि उतारावर तर तो ताठ करायचाच नाही. तासाभरानं थांबायचं, ओझं उतरवायचं, पाय वर करून पडायचं. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं, कारण आमच्या घरची रीत नेमकी उलटी. खळ्यावरून निघालेलं धानाचं पोतं घरात पोचेपर्यंत कुठं टेकवायचं नाही. टेकवलं तर बरकत जाते, असं बाबा म्हणायचे.

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो तेव्हा धाकटा भाऊ भरतीची तयारी करत होता. भरतीची दौड पंधरा दिवसांवर होती. जेवताना मी मोठ्या ऐटीत पिट्ठू घेऊन चालायला शिकवतात अशी गोष्ट काढली, तर पुढचं ऐकायच्या आधीच तो सगळ्यांदेखत हसला.

"चालनंच तर आहे गा भाऊ, त्यात काय शिकाचं?"

मला ते झोंबलं. दोन वर्षं घाम गाळून आलेल्या माणसाला हा कालचा पोरगा हसतो म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच पिट्ठूत मी धान ठासलं, तेही तळाशी, आणि 'चल, शिकवतो' म्हणत तो त्याच्या पाठीवर चढवला. मौद्याच्या रस्त्याला तो चालत आणि मी शेजारून सायकलवर. तो अगदी पहिल्या चालीतल्या माझ्यासारखाच वाकला होता, तशाच ढांगा टाकत होता. पिट्ठू मागे डुलत होता. उतारावर उजवा गुडघा प्रत्येक पावलाला ताठ आपटत होता. हे सगळं मला दिसत होतं. जिरू दे याची, म्हणून मी गप्प राहिलो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण पुढच्यानं तोंड उघडलं तर ना.

परतताना तो लंगडायला लागला. म्हणाला, "भाऊ, जरासा बसू का?"

"आपल्या घरी पोतं मधात टेकवत नाहीत," मी म्हटलं. "बाबाले विचार."

तो बसला नाही. दात आवळून घरापर्यंत चालत आला. आईनं त्या रात्री आणि पुढचे कितीतरी दिवस त्याच्या गुडघ्याला हळदीचा लेप लावला. दौडीत दुसऱ्याच फेरीला गुडघ्यानं दगा दिला आणि त्याला बाहेर काढलं. पुढच्या भरतीपर्यंत त्याचं वय निघून गेलं.

त्यानं मला कधी बोल लावला नाही. तो नागपुरात आला, मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, बसून करायचं काम म्हणून. मीही रिटायर होऊन इथंच बँकेत गार्ड झालो. सणावाराला कुणी विषय काढलाच तर तोच सांगायचा, "भाऊनं त शिकवलं होतं, माहाच गुडघा कच्चा निघाला." आणि मी चहाचा कप तोंडाला लावायचो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी पंचवीस वर्षं गिळलं. याची मला लाज वाटते.

यंदा त्याच्या पोरीची फौजेत निवड झाली. ट्रेनिंगला जायच्या आधी तो तिला मोपेडवर बसवून आमच्या घरामागच्या मैदानावर घेऊन आला. "मले शिकवलं तसंच शिकव हिले," म्हणाला.

पोरीनं कॉलेजच्या बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरून आणल्या होत्या, सगळ्या तळाशी. मी त्या काढल्या, वर लावल्या, पट्टे आवळले. घोट्यापासून झुकणं दाखवलं. लहान पावलं टाकायला लावली. गुडघा ताठ दिसला की टोकत होतो.

"मोठेबाबा, थकली त?" तिनं विचारलं.

"थकायच्या आधीच थांबायचं. पिट्ठू खाली ठेवायचा. त्यात काही कमीपणा नाही."

भाऊ मोपेडवरून उतरून कधी जवळ आला ते मला कळलं नाही. त्यानं पोरीला मैदानाची एक फेरी मारायला पाठवलं. ती लांब जाईपर्यंत तिच्या पावलांकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं, "हे तुले तवा मालूम होतं?"

वाटलं, अजूनही खोटं बोलता येईल. तो विश्वास ठेवेल.

"होतं," मी म्हणालो.

त्यानं फेरी संपल्यावर पोरीच्या पाठीवरची बॅग स्वतः उतरवून घेतली आणि मोपेडला किक मारली.

दुसऱ्या दिवसापासून पोरीला मैदानावर सोडायला त्याची बायको येते.