फुली मारलेली ओळ

परवाना कार्यालयात त्यांना सगळे चावीकाका म्हणत. तळमजल्यावरच्या गार खोलीत कपाटाएवढं एक यंत्र होतं, आणि ते काकांशिवाय सुरू होत नाही अशी ख्याती होती. ही ख्याती काकांनी बावीस वर्षं तळहातावरच्या फोडासारखी जपली. बायको म्हणायची की पोटच्या पोरीला एवढं जपलं असतं तर बरं झालं असतं. ती काही खोटं बोलत नव्हती.

यंत्र दर रविवारी सकाळी बंद करून पुन्हा सुरू करावं लागे. सुरू होताना काय काय करायचं, याच्या आज्ञांची एक फाइल होती आणि ती काकांनीच लिहिली होती. आधी डिस्क चालू करायच्या, मग वाहनचालकांच्या नोंदी उघडायच्या, मग खिडक्यांवरचे संगणक जोडायचे आणि शेवटी छपाई. यंत्र ही फाइल वरून खाली वाचत जाई आणि सांगितलेलं निमूट करी. पहिल्याच वर्षी काकांच्या हातून दोन ओळींची अदलाबदल झाली. नोंदी उघडण्याआधीच छपाई सुरू झाली, आणि सोमवारी एकसष्ट माणसांना एकाच बाईच्या फोटोचे परवाने मिळाले. त्यातले बरेचजण मिशीवाले होते. साहेबांनी काकांची चांगलीच हजेरी घेतली.

तेव्हा धसका घेऊन काकांनी फाइलच्या मधोमध एक ओळ घातली: इथे थांब, माणसाने ‘हो’ म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मग दर रविवारी सातला काका हजर. नोंदी नीट उघडल्या का ते बघायचं, ‘हो’ टाइप करायचं, सगळं चालू होईपर्यंत थांबायचं आणि अकराच्या सुमाराला घरी यायचं.

इथवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी मात्र नव्या डिस्क आल्या, आणि नोंदी उघडल्या की नाही हे यंत्राला स्वतःच तपासता येऊ लागलं. काकांनी तशी ओळ लिहिली, शिस्तीचे असल्यामुळे शेजारी तारीखही घातली, आणि सुट्टीच्या दिवशी थांबायच्या ओळीच्या जागी ती चालवून पाहिली. यंत्र कुणाला काही न विचारता सुरू झालं. काकांच्या मनात पहिला विचार आला: आता रविवारी साहेबांचा फोन कशाला येणार? ‘काका, तुम्ही आहात म्हणून’ असं कोण म्हणणार? त्यांनी नव्या ओळीच्या सुरुवातीला फुली मारली. फुली मारलेली ओळ यंत्र वाचत नाही. थांबायला सांगणारी जुनी ओळ पुन्हा जागेवर आणली.

“अहो, एवढं मोठं यंत्र, त्याला आपलं आपण सुरू होता येत नाही?” बायकोने एकदा विचारलं होतं.

“नाही गं. तिथं माणूसच लागतो,” काका म्हणाले. पुढच्या वेळी हेच सांगताना जीभ जराही अडखळली नाही.

निवृत्ती जवळ आली तशी एकच धास्ती उरली: कुणी फाइल उघडेल आणि ते घरी कळेल. फुलीची ओळ खोडून टाकायला ते तीनदा बसले आणि तीनदा उठले. आयुष्यात लिहिलेली ती सगळ्यात चांगली ओळ होती. माणसाचा मोह बघा, पुरावा पुसायचा तर त्यातही अक्षराचं कौतुक आडवं आलं.

निवृत्तीनंतर आठवड्याने झालेल्या निरोपाच्या कार्यक्रमाला बायको पहिल्या रांगेत बसली होती. काकांच्या जागी आलेली तरुण अधिकारी बोलायला उठली. पोरगी मनाने निर्मळ होती, तिला कौतुकच करायचं होतं.

“काकांची दूरदृष्टी बघा. त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वीच सगळी सोय करून ठेवली होती, तारखेसकट! मी फक्त त्यावरची फुली काढून थांबायच्या जुन्या ओळीवर मारली. गेल्या रविवारी यंत्र आपोआप सुरू झालं, कुणाला यावंसुद्धा लागलं नाही.”

टाळ्या पडल्या. बायकोनेही दोन वाजवल्या आणि मग हात मांडीवर ठेवले.

घरी आल्यावर तिने चप्पलही काढली नाही.

“एकोणीस वर्षं म्हणाली ना ती?”

“अगं, त्यात बरंच तांत्रिक—”

“माझ्या आईला जाऊन अकरा वर्षं झाली. शनिवारी दुपारी दादाचा फोन आला होता, लगेच निघा म्हणून. तुम्ही म्हणालात, उद्या यंत्र सुरू करून निघू, नाहीतर सोमवारी शंभर माणसं खोळंबतील. मीही म्हटलं, खरंय, लोकांचं काम आहे. आपण पोचलो तेव्हा तिला नेलं होतं. दादा आजही माझ्याशी धड बोलत नाही, आणि मी त्याला अकरा वर्षं तुमच्या यंत्राबद्दल समजावतेय.”

बायकोने फोन उचलला आणि दादाचा नंबर लावला.

“दादा, मी बोलतेय,” ती म्हणाली. “तुझं बरोबर होतं.”