खोकला थांबला तेव्हा

सरावली गावात आमच्या चिकूच्या वाडीला लागून काकड्याचं घर. ताडावर चढून ताडी काढण्यात त्याची हयात गेली. भित्रा म्हणाल, तर मुळीच नाही. पण थंडीत वारा पडला की त्याचं तोंड उतरतं. त्याची बायको पुतळी दम्यानं बेजार. अशा सकाळी गार हवा जमिनीला चिकटून बसते, वर उबदार हवेचं झाकण. मग वीटभट्टीचा, शेकोट्यांचा, वाड्यांमधल्या पाचोळ्याचा धूर वरही जात नाही नि पुढेही सरकत नाही. पाचोळा आमच्याकडेही पेटतो. पण गावात विचारा, धूर नेहमी शेजाऱ्याचाच असतो! दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की छाती मोकळी होते. तोवर काकड्याच्या जिवाला घोर.

गेल्या पौषात मी ताडी घ्यायला गेले, तर डोळे चुरचुरत होते आणि पुतळी ओट्यावर बसून खोकत होती. काकड्या तिला डहाणूला दवाखान्यात न्यायचं म्हणत होता. ती ऐकेल तर ना! "आधी ताडी उतरव, मंग जाऊ," म्हणाली. काकड्या मुकाट्यानं घरामागच्या ताडावर चढला, मी बुंध्याशी थांबले.

शेंड्यावरून त्याचा आवाज आला, "ताई, इथं चक्क ऊन हाय. खाली कायच दिसत नाय. माझं घरपण नाय!"

मी हसणार होते, पण तो आवाज हसणाऱ्याचा नव्हता. धूर छपराच्याही वर साचला होता. बायको त्याला दिसत नव्हती, नुसता तिचा खोकला ऐकू येत होता. खोकते आहे म्हणजे आहे, एवढाच त्याला आधार.

आणि खोकला थांबला.

"पुतळे!" वरून हाक आली. उत्तर नाही. मी वळून पाहिलं, तर धुरात मलाही ओटा दिसेना. ताडीचं मडकं धपकन खाली फुटलं. त्यामागून काकड्या उतरला कसला, घसरतच आला. छाती नि तळहात सोलून निघालेले. तो घराकडे धावला, मी त्याच्या मागे.

पुतळी खांबाला टेकून बसली होती. चेहरा काळानिळा, डोळ्यांतून पाणी आणि तोंडात पदराचा बोळा. काकड्यानं तो ओढून काढला, तशी उबळ येऊन ती दुमडलीच.

"असं का केलंस गं?" तो ओरडला.

जरा श्वास परतल्यावर ती म्हणाली, "मी खोकले की तुझं चित्त इकडं लागतं. वरनं पडशील, याचं भ्या वाटलं."

काकड्या तिच्या शेजारी मटकन बसला. "तू खोकतेस तवर माझा हात घट्ट असतो," म्हणाला. "गप झालीस, तवाच सुटला."

मी रिक्षा बोलावली. पुढे बसले, पण माझे कान मागे होते. धुरात रस्ता दिसेना, रिक्षा रांगत चाललेली. पुतळी खोकत होती आणि तिच्या प्रत्येक उबळीला काकड्या म्हणत होता, "हां... हां... असंच."